लिंबोणीला कावीळ

मनिषा : तंबाखू? बाबा, तंबाखूला कधी लिंबाचा वास येतो?

तुळशीराम : येतो. आता सगल्यालाच कसले कसले वास घालतात. साबनाला लिंबाचा, भांड्याच्या वडीला लिंबाचा. तंबाखूला का नाय येनार?

मनिषा : मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे बघायची सवय आहे मला, म्हणून सदरा वाचला तुमचा. अकरा पानं निघाली आत्ता. परवाच्या सदऱ्यात सात होती. तेव्हा मी गप्प बसले.

तुळशीराम : मंग आज पन गप बस की. चांगली सवय हाय ती.

मनिषा : सगळी पिवळी. काठ करपलेले. आईंच्या लिंबोणीची पानं तोडून खिशात लपवताय तुम्ही?

तुळशीराम : तोडतो कशाला? गलतात. मी नुसती उचलतो.

मनिषा : आणि खिशात घालता.

तुळशीराम : मंग डब्यात टाकू? डबा तू रोज बगतेस. ओला वेगला, सुका वेगला. पोलीस चौकीपरीस कडक हाय तुजा डबा.

मनिषा : सासूबाई महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला उरणला गेल्या. जाताना सासऱ्यांना एकच काम सांगून गेल्या...

तुळशीराम : एक नाय, दोन. लिंबोनी सांभाला आनि तंबाखू सोडा.

मनिषा : दोन्हीचा निकाल एकाच खिशात निघाला म्हणायचा. चला गॅलरीत. पेशंट बघू दे मला.

तुळशीराम : तू रक्त-लघवी तपासनारी बाय. झाडाचं तुला काय कलतं?

मनिषा : बारा वर्षं लॅबमध्ये माणसांचं काय काय तपासतेय. त्या मानानं झाड सोपं. निदान सुई बघून ओरडत तरी नाही. किती वाजता येणार आई?

तुळशीराम : तुजा नवरा धनेस गेलाय गाडी घेऊन. चारला आनतो म्हनाला. पन अंकिता जेवल्याबिगर सोडनार नाय. मंग ही बालाला एकदा घेनार, दोनदा घेनार, शेजारनींना सांगून येनार, खाली उतरनार, पिशवी इसरली म्हनून परत वर जानार. तू साडेचार धर.

मनिषा : आत्ता अडीच वाजलेत. दोन तास आहेत आपल्याकडे.

तुळशीराम : आपल्याकडं म्हनालीस ना? आयकलं मी. आता मागं सरायचं नाय.

मनिषा : अगं बाई! हे काय झालंय हिचं! मागच्या रविवारी मी कपडे वाळत घालायला आले तेव्हा चांगली हिरवीगार होती.

तुळशीराम : फिरवून ठेवलेली. हिरवी बाजू घराकडं, पिवली रस्त्याकडं.

मनिषा : एवढा जड ड्रम तुम्ही एकट्यानं फिरवला?

तुळशीराम : मिठाच्या टोपल्या वाहिलेल्या खांद्यांना अर्धा ड्रम काय जड हाय? पन आता दोनी बाजू पिवल्या जाल्यात. तिसरी बाजू नाय ना झाडाला. असती तर तुला कललं पन नसतं.

मनिषा : आणि रस्त्यावरून कुणी बघितलं असतं मग?

तुळशीराम : खांदा कॉलनीत मान वर करून कोन चालतो? सगल्यांची मान फोनात. वरून लिंबू पडलं तरच बगतील.

मनिषा : बसा त्या स्टुलावर. मी विचारते तेवढंच सांगायचं. पहिलं पान कधी पिवळं पडलं?

तुळशीराम : तुजी सासू गेली त्याच्या पाचव्या दिवशी. दोन पानं. अगदी खालची. मी म्हनलं, कावील जाली. कोन गावातल्या आमच्या काकाला अशीच जालेली. आदी डोलं, मंग नखं, मंग सगला मानूस हलदीचा. एका म्हातारीनं गल्यात माल घातली. माल रोज लांब होत गेली आनि कावील उतरत गेली. बेंबीपर्यंत माल आली, काका मटन मागायला लागला.

मनिषा : मग हिला नाही घातली माळ?

तुळशीराम : जाऊन आलो ना मागच्या बुधवारी. म्हातारी वारली. तिच्या नातीनं आता तिथं ब्युटी पार्लर टाकलंय.

मनिषा : तुम्ही खरंच गेला होतात?

तुळशीराम : नातीनं माजा फेशल करायचा इचार केलेला. पलालो.

मनिषा : हे मी आईंना सांगणारच. बरं, ऐका. खालची दोन जुनी पानं पिवळी पडणं ही कावीळ नाही. म्हातारपण आहे ते. पिकली, गळली. त्यात काही करायचं नसतं.

तुळशीराम : मना काय ठावं? मी मिठागरावरचा मानूस. तिथं गवताची काडी उगवत नाय. झाडाचं जे काय व्हतं ते सगलं तिचं. आमी दोगांनी कामं वाटून घेतलेली. हिरवं ते तिचं, खारं ते माजं.

मनिषा : पाणी किती घालता?

तुळशीराम : आंगोल जाली का एक तांब्या.

मनिषा : देवाला घालता तसं.

तुळशीराम : देवाला अर्धा. हिला अख्खा. देवाचा रोज फोन येत नाय, कशी हाय म्हनून.

मनिषा : माती ओलसर आहे, पण चिखल नाही. कुजका वास पण नाही. म्हणजे पाणी जास्त झालेलं नाही. पानामागे... कीड नाही. जाळी नाही. ऊन तर सकाळपासून आहे. हे नवीन पान बघा. शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं असतं, तर मी म्हटलं असतं लोह कमी पडलंय. आम्हा बायकांचं जे दुखणं असतं तेच. पण हे तसं नाही. हे टोकापासून जळत आलंय. काठ बघा कसा, पापड भाजताना करपतो तसा.

तुळशीराम : मंग काय जालंय?

मनिषा : थांबा, प्रितमला फोटो पाठवते. नर्सरीवाला. त्याच्या आईच्या साखरेचे रिपोर्ट मीच काढते, उत्तर द्यायला उशीर करणार नाही तो. हं, गेला फोटो. आता...

तुळशीराम : थांब, विमान जाऊ दे.

मनिषा : हं.

तुळशीराम : गेलं. आपल्याच रानावरनं उडतं आनि आपल्यालाच गप बसवतं. बोल.

मनिषा : फोन वाजतोय तुमचा.

तुळशीराम : तिचा हाय. मना नाय बोलायचं. सांग, झोपलाय.

मनिषा : उचला. स्पीकरवर टाका. मी आहे ना.

भामा : हॅलो! अवो! जिते हाव का गेलात?

तुळशीराम : जिता हाय. बोल, भामे.

भामा : जेवलात? काय केलेलं मनिषानं?

तुळशीराम : वालाचं बिरडं. चांगलं केलेलं. तुज्यापरीस...

भामा : तुज्यापरीस काय?

तुळशीराम : कमी तिखट.

भामा : लिंबोनी कशी हाय?

तुळशीराम : हाय की. उभी हाय.

भामा : उभी हाय म्हंजे? लाईटचा खांब पन उभा असतो. पानं कशी हायत, पानं?

तुळशीराम : पानं... उन्हात चमकतात. सोन्यावानी.

भामा : कोन हसलं?

मनिषा : मी, आई. ठसका लागला.

भामा : लिंबं किती हायत?

तुळशीराम : तू गेलीस तवा नव व्हती. नव हायत.

भामा : एकाला पन हात लावायचा नाय कोनी. मना काम हाय त्यांचं.

तुळशीराम : काय काम?

भामा : आल्यावर सांगीन. धनेसनं गाडी काढलीय, गव्हाण फाटा गेला पन. चाय ठेवायला सांग.

तुळशीराम : गव्हाण फाटा? अगं, जेवून येनार व्हतीस ना?

भामा : जेवलो लवकर. का? नको येऊ? ठेवते.

मनिषा : संपले दोन तास. वीस मिनिटं राहिली, बाबा. आणि सोन्यावानी म्हणे!

तुळशीराम : खोटं बोललो काय? पिवलं म्हंजे सोन्याचाच रंग. तुजा प्रितम काय म्हनतो?

मनिषा : आलं उत्तर. म्हणतोय, काठ असे जळले म्हणजे मातीत क्षार वाढलेत, वर पांढरा थर आलाय का बघा. थर? ही वरची सुकी पानं बाजूला करते... आलाय की! ड्रमच्या कडेला पण. हे बघा, नखानं निघतंय.

तुळशीराम : चुना असंल. माज्या डबीतला सांडला असंल.

मनिषा : तंबाखू सोडायला सांगितली होती ना आईंनी?

तुळशीराम : जुना चुना.

मनिषा : बाबा, हा चुना नाही. हे क्षार आहेत. अरे देवा! फिल्टर. पाण्याच्या फिल्टरमधून जे वाया जाणारं पाणी येतं ना, ते मी बाटलीत धरून रोज सकाळी कामावर जाताना हिला घालते. पाणी फुकट जायला नको म्हणून. त्या पाण्यात सगळे क्षारच असतात. मला हे कळायला हवं होतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या शरीरातले क्षार मोजत बसते आणि घरातल्या झाडाला...

तुळशीराम : अगं, पन...

मनिषा : माझीच चूक आहे ही. तुम्हाला चोर ठरवलं आणि चोर मीच. काय सांगू आता मी आईंना? ह्या झाडाची गोष्ट मला पाठ आहे. जमीन विमानतळात गेली तेव्हा तो मोजणीवाला दारात आला. नारळ मोजले, आंबे मोजले, शेवगा मोजला. लिंबोणीपाशी आला आणि म्हणाला, हे झुडूप आहे, हे धरत नाही. आई म्हणाल्या, मोजली नाय ना? मग ती तुमची नाय, माझी. आणि तिची फांदी मातीत दाबून, मुळं फुटवून, मांडीवर घेऊन आल्या ह्या बिल्डिंगमध्ये.

तुळशीराम : टेम्पोत फ्रिज व्हता, कपाट व्हतं. तिनं फ्रिज मागं टाकला आनि ही पुढं घेतली. फ्रिजचा दरवाजा वाकडा जाला तो तवापासून.

मनिषा : आणि तुमचं मिठागर?

तुळशीराम : त्याचं काय? ते मोजलं. मोजून कागदावर लिवलं, नापीक. चालीस वर्सं अख्ख्या पनवेलच्या डाळीत आमचं मीठ पडलं, आनि जमीन नापीक! लिवनाऱ्यानं त्या दिवशी दुपारी आमच्याच घरात जेवन केलं. मीठ घालूनच केलं. खाल्ल्या मिठाला जागला नाय भडवा. वर भराव पडला दगडाचा. आता तिथं उभं राहून सांगता येत नाय, माजी मिठाची रास कुठं व्हती ते.

मनिषा : मी सांगते आईंना. दार उघडल्या उघडल्या सांगते. माझ्यामुळे झालं म्हणून.

तुळशीराम : हां... सांग. तुला काय ती जास्त बोलनार नाय. तू कमावती. मना बोलली तर दिवाळीपर्यंत बोलंल.

मनिषा : बोलू दे. काय बोलायचं ते बोलू दे मला. मी चहा ठेवते.

तुळशीराम : मनिषा. थांब.

मनिषा : काय?

तुळशीराम : तू रोज किती पानी घालतेस फिल्टरचं?

मनिषा : एक बाटली. लहान.

तुळशीराम : एक बाटलीनं यवडं मीठ येत नाय. मना मीठ कलतं. तुज्या त्या पान्यानं असा थर धरायला सा महिने लागतील, ते पन कडंकडंला. हा थर मधून आलाय. वरून टाकल्याबिगर मधून येत नाय.

मनिषा : वरून? कुणी टाकलं वरून?

तुळशीराम : तुज्या लेकीच्या, मनस्वीच्या फोनवर एक मानूस येतो. टोपीवाला. हिंदीत बोलतो. म्हनाला, नींबू के पत्ते पीले पडें तो सॉल्ट डालो. एक चम्मच.

मनिषा : सॉल्ट नुसतं नसेल म्हणाला. एप्सम सॉल्ट म्हणाला असेल.

तुळशीराम : आदी काय तरी म्हनाला खरा. मना वाटलं, त्याचं नाव असंल.

मनिषा : बाबा! ते मीठ नाही हो! नावालाच सॉल्ट. औषधाच्या दुकानात मिळतं, पोट साफ व्हायला देतात.

तुळशीराम : तू मना मीठ शिकवतेस? आमच्या मिठागराच्या फाटकावर पाटी व्हती. वर मराठीत, खाली इंग्रजीत. मना इंग्रजीतला एकच शब्द वाचता येतो सगल्या दुनियेत. सॉल्ट. त्या टोपीवाल्याच्या मागं मोठ्या अक्षरात तोच लिवलेला. मना वाटलं, जल्मात पयल्यांदा कोनी तरी माज्या कामाचं बोललं.

मनिषा : किती टाकलंत?

तुळशीराम : तो चमचा म्हनालेला. चमच्यानं कोन मीठ मोजतं? मूठ टाकली. आठ दिवसांनी बगतो तर आनखी पिवली. मना वाटलं, कमी पडलं. परत मूठ टाकली. मंग पानं गलायला लागली. मंग म्हनलं, आता हात आखडून चालनार नाय.

मनिषा : पण आपला मिठाचा डबा तर भरलेला आहे. गेल्या आठवड्यातच पुडा फोडला मी.

तुळशीराम : ती पावडर? ते काय मीठ हाय? हातातनं भुरूभुरू पलतं, वाळत घातलेल्या पिठावानी. चांगल्या झाडाला चांगलं मीठ द्यायला नको?

मनिषा : बाबा. देवाखालची बरणी? बघून येते मी.

तुळशीराम : नको बगू. धुवून पालथी घातलीय.

मनिषा : तुमच्या मिठागरातलं शेवटच्या सालाचं मीठ होतं ते. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यातला एक खडा आमटीत टाकला होता. दोन दिवस बोलला नव्हतात तुम्ही माझ्याशी.

तुळशीराम : तीन.

मनिषा : मनस्वीची दृष्ट काढायला आईंनी चिमूटभर मागितलं, तर तुम्ही दुकानातून नवा पुडा आणून दिलात.

तुळशीराम : दृष्ट उतरली ना?

मनिषा : आणि सगळं हिला घातलंत.

तुळशीराम : ही पिवली पडत व्हती ना. ते बरनीत नुसतं बसलेलं. कोनाच्या तरी कामाला येऊ दे म्हनलं. तू हसू नको.

मनिषा : हसत नाही हो मी.

तुळशीराम : मंग हस. तू हसली नाय का मना भीती वाटते.

मनिषा : मिठागरवाल्याच्या घरात झाड मिठानं आजारी पडलं. हे रिपोर्टवर कसं लिहू? प्रितमचं आणखी आलंय बघा. म्हणतोय, भरपूर साधं पाणी घाला, खालून निघून जाऊ द्या. दोन-तीनदा. मीठ धुतलं जाईल म्हणतो. खरंच धुतलं जातं का?

तुळशीराम : हात्तिच्या! यवडंच? हे त्यानं कशाला सांगायला पायजे? आमच्या खाडीकाठच्या खाजनात भात कसं पिकायचं? खाडीचा बांध फुटला का सगलं शेत खारं. मंग पावसाचं गोडं पानी आडवायचं, दोन दिस शेतात उभं ठेवायचं, आनि ओहोटीला उघाडी खोलायची. सगला खार पान्यासंगं खाडीत.

मनिषा : उघाडी म्हणजे?

तुळशीराम : बांधाचं दार गं. तू बेलपाड्याची, आनि तुला उघाडी ठावं नाय?

मनिषा : मला कळायला लागलं तेव्हा बेलपाड्याला टॉवर लागले होते, बाबा. बरं, मग ह्या ड्रमची उघाडी कुठंय?

तुळशीराम : खाली चार भोकं पाडलीत तिनं. पन तू खाली थाली ठेवलीस, लादीवर डाग पडतात म्हनून. तांब्याभर पानी घालायचं, ते थालीत उतरायचं, परत हीच प्यायची. खार जाईल कुठं?

मनिषा : म्हणजे थोडी चूक माझी पण आहे.

तुळशीराम : घे, घे. तुला पायजेच असंल तर चिमूटभर घे. मूठ माजी. आता ऊठ. गच्चीवर दोन विटा पडल्यात त्या आन, आनि धुन्याचा टब. एका बाजूनं तू धर. कमरेतनं वाकू नको, गुडघ्यातनं वाक. हां.

(ड्रम विटांवर चढतो. खाली टब. बादली ओतल्याचा आवाज, मग टबात बारीक धार. तिसऱ्या बादलीला दारावरची बेल.)

भामा : दार उघडायला यवडा वेल? घरात दरोडा घालत व्हता काय दोगं?

मनिषा : या, आई. द्या ती पिशवी. बाळ कसं आहे? धनेश कुठे राहिला?

भामा : गाडी लावतोय. बाल तुज्या सासऱ्यावर गेलंय. टक्कल आनि हट्ट. तुजी साडी कशानं भिजली?

मनिषा : ते... कपडे धूत होते.

भामा : मशीन बिघडली? आनि तुमी कशाला दारात उभे? सरका. गॅलरीत पानी कसलं पडतंय?

तुळशीराम : भामे, आदी बस. पानी पी. दमलीस.

भामा : गाडीत बसून कोन दमतं? सरका म्हनते ना. हं.

तुळशीराम : भामे...

भामा : सोन्यावानी. बरोबर सांगितलंत फोनवर. सगली सोन्याची करून ठेवलीय. आता गल्यात घालू का नाकात?

मनिषा : आई, माझ्यामुळे झालं. मी फिल्टरचं पाणी घालत होते. त्यात क्षार असतात, मला लक्षातच...

भामा : तू थांब. काय पडतंय ते बगू दे. टबातलं हे.

मनिषा : आई, तोंडात नका घालू! मातीचं पाणी आहे ते!

भामा : मातीतच वाढले मी... हं. आदी कडू लागलं. मंग खारट. मनिषा, तुला खोटं बोलता येत नाय. यांना पन येत नाय, पन तू यांच्याहून वाईट. हे फिल्टरचं नाय. चालीस वर्सं ह्या मिठात जेवलेय मी. बरनी कुठं हाय?

तुळशीराम : धुतली.

भामा : धुतली पन! सगलं घातलं?

तुळशीराम : सगलं.

भामा : माज्या बापाच्या दहाव्याला मूठभर मागितलेलं, तवा म्हनालात, माजं मीठ मोडायचं नाय.

तुळशीराम : तुजा बाप पिवला पडला नव्हता.

मनिषा : बाबा!

भामा : बोलू दे त्यांना. महिनाभर भांडायला कोन नव्हतं, तोंडाला गंज चढलाय. काय हो, झाडाला मीठ घालतात हे कोनी शिकवलं?

तुळशीराम : टोपीवाल्यानं. फोनातल्या.

भामा : मना इचारायचं. रोज फोन करत व्हते.

तुळशीराम : तुला काय इचारू? तू एक काम दिलेलंस. ते पन जमलं नाय असं सांगू?

भामा : दोन दिलेली.

तुळशीराम : दुसऱ्याचं तर नावच काढू नको आज.

भामा : मनिषा, ह्या लिंबांचं मना काम हाय म्हनाले ना फोनवर? काय काम, ठावं हाय? लोनचं. हिचं पयलं लोनचं. यांच्या बरनीतल्या मिठात घालनार व्हते. तिकडं बालाच्या लंगोट्या धुता धुता रोज मनात घालत व्हते, आनि रोज तोंडाला पानी सुटत व्हतं.

तुळशीराम : मंग मागायचंस.

भामा : मागून दिलं असतं?

तुळशीराम : नाय.

भामा : म्हनून चोरनार व्हते.

तुळशीराम : तू तर म्हनायचीस, त्या दगडांची काय पूजा करता? फेका खाडीत.

भामा : म्हनायची. म्हनायला काय जातं? फेकली काय कदी? तुमी गावात जायचात तवा झाकन काढून बगायची, पानी तर सुटलं नाय ना. पावसाल्यात बरनीला फडकं कोन बांदायचं? तुमी?

तुळशीराम : मना वाटायचं, मीच बांदलंय.

भामा : तुमाला सगलंच वाटतं.

मनिषा : आई, ही जगेल का पण? प्रितम म्हणतो, सांगता येत नाही.

भामा : त्याला नसंल येत. नख दे तुजं, माजी नखं बालासाठी कापली मी. इथं बुंध्यावर, जरा खरवड. जोरात नको. काय दिसतंय?

मनिषा : हिरवं.

भामा : ओलं हाय ना?

मनिषा : हो. ओलं हिरवं.

भामा : मंग हाय जीव. पानं जातील, जाऊ देत. पाडवा गेला का नवी फुटतील. खाजनाच्या कडंला वाढलेल्या आयेची लेक हाय ही, खारं वारं पिऊन वाढलेली. दुसरी असती तर पयल्या मुठीला गेली असती. लिंबं तेवडी आज उतरवू सगली. आजारी बाईच्या कडेवर नव पोरं कशाला?

तुळशीराम : मंग लोनचं?

भामा : घालीन ना. त्या पुड्यातल्या पावडरीत. आनि खाताना त्वांड वाकडं करायचं नाय.

तुळशीराम : नाय करनार.

भामा : दिवाळीपर्यंत नाय करायचं.

मनिषा : तुम्ही दोघं चालू द्या. टब काठोकाठ भरलाय. मी हे मोरीत ओतून येते.

तुळशीराम : हं. ओत. जाऊ दे.

भामा : थांब. कोन ओततंय? ठेव खाली. आदी ती लग्नातली मोठी परात काढ.

मनिषा : परात? कशाला?

भामा : पानी निवलू दे, गाळ बसू दे. मंग वरचं वरचं फडक्यातनं गालून परातीत घाल. गच्चीवर पाच वाजेपर्यंत ऊन असतं. अवो, गप काय उभे? सांगा तिला, पानी किती ठेवायचं. का ते पन इसरलात?

तुळशीराम : बोटाच्या एका पेराएवडं. जास्त नको. आनि वारा येतो त्या बाजूला ठेव. पयल्या दिवशी काय दिसनार नाय. हलवायचं नाय. तिसऱ्या दिवशी कडंला पापुद्रा धरंल, तवा मना हाक मार. मी येईन. मीच येईन, कोनी हात लावू नका.

मनिषा : पण ते खायचं नाही, मी आत्ताच सांगते. त्यात खत आहे, माती आहे, काय काय आहे.

भामा : खातंय कोन? देवाखाली रिकामी बरनी बरी दिसत नाय, म्हनून.

मनिषा : आणि मळकट येईल ते, आई. पांढरं नाही येणार.

भामा : आमचं कदी व्हतं पांढरं?